काचेच्या टाकीतलं पाणी आणि बायकांचे हात

 

आज बोलायचं आहे माशांच्या काचेच्या टाकीबद्दल. काही जणी म्हणतील, इथे बोअरचं पाणी खाली चाललंय आणि ह्या शोभेच्या माशांचं काय घेऊन बसल्या! पण जरा थांबा. चोपड्यात आता दवाखान्यात, मोबाइलच्या दुकानात, नव्या कॉलनीतल्या बंगल्यात अशा टाक्या दिसतात. त्या पुसायचं, त्यातलं पाणी बदलायचं काम बहुतेक ठिकाणी बाईकडेच असतं, मग ती घरची असो की कामाला येणारी. आणि बंद टाकीतलं पाणी जगण्याजोगं कसं ठेवायचं हे माणसाला कसं कळत गेलं, त्याचा इतिहास काढला, तर तिथेही सुरुवातीला बायकाच उभ्या दिसतात. तोच इतिहास आज सांगणार आहोत. त्यातून आपल्या रांजणाचं, शेताचं आणि गावच्या नळयोजनेचंही काही कळेल.

निवळ पाणी आणि जगण्याजोगं पाणी

पावसाळ्यात नदीला पूर आला की गढूळ पाणी घरात येतं. मग आपण काय करतो? तुरटीचा खडा पाण्यात फिरवतो. जुन्या बाया निवळीचं बी मडक्याच्या आतल्या अंगाला घासायच्या. निवळीचं नावच तिच्या कामावरून पडलं आहे. संस्कृतात तिला कतक म्हणतात, आणि पाणी निवळायला ती वापरावी हे सुश्रुतसंहितेतही सांगितलं आहे. तुरटी असो की निवळी, काम एकच. पाण्यात तरंगणारे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. वरचं पाणी आपण पातळ फडक्यातून गाळून घेतो.

या फडक्याचीही गोष्ट मोठी आहे. बांगलादेशात पटकीची साथ फार. रीटा कोलवेल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या खेड्यांत बायकांना जुन्या सुती साडीची घडी घालून, निदान चार पदरी करून, तिच्यातून पाणी गाळायला सांगितलं. पटकीचे जंतू पाण्यातल्या अगदी बारीक किड्यांना चिकटून राहतात, आणि ते किडे साडीत अडकतात. 2003 साली या कामाचा निष्कर्ष छापून आला. साडीने गाळणाऱ्या गावांत पटकीचे रुग्ण निम्म्याच्या आसपास कमी झाले होते. साडीच जुनी का, तर धुऊन धुऊन तिचे धागे फुगतात आणि जाळी बारीक होते. अर्थात साडीने सगळेच जंतू अडत नाहीत. पाणी उकळायचं किंवा त्यात क्लोरीन टाकायचं, हे आहेच.

म्हणजे डोळ्याला दिसणारी घाण काढायची विद्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. माशाच्या टाकीत मात्र अडचण वेगळी असते. तिथली खरी घाण दिसतच नाही. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. सकाळी गोठ्याचं दार उघडलं की नाकाला झोंबतो, तोच हा अमोनिया. तो पाण्यात विरघळलेला असतो. तुरटीने बसत नाही, फडक्यात अडकत नाही. नदीत तो वाहून जातो, पसरून जातो. चार काचांमध्ये मात्र तो साठत राहतो आणि आरशासारख्या निवळ पाण्यातही मासा मरतो. पाणी निवळ दिसणं वेगळं आणि जगण्याजोगं असणं वेगळं. हा फरक समजायला माणसाला बराच काळ लागला.

शिवणकाम करणारी आणि कळशीने पाणी ओतणारी

फ्रान्समधल्या एका खेड्यात 1794 साली एका चांभाराच्या घरी जान विल्पर नावाची मुलगी जन्मली. पोटासाठी ती पॅरिसला गेली आणि शिवणकाम, भरतकाम करू लागली. एका राजकन्येच्या लग्नाचा पोशाख तिच्या हातचा होता. पुढे एका व्यापाऱ्याशी लग्न होऊन ती इटलीजवळच्या सिसिली बेटावर गेली, आणि तिथे तिला समुद्रातल्या जिवांचं वेड लागलं. आर्गोनॉट नावाचा आठ पायांचा एक प्राणी शंख अंगावर घेऊन फिरतो. तो शंख त्याचा स्वतःचा की चोरलेला, यावर विद्वानांचा वाद चालला होता. जानबाईंनी 1832 च्या सुमारास काचेची टाकी बनवून घेतली, तो प्राणी तिच्यात ठेवला आणि रोज बघत राहिल्या. शंख तो स्वतःच घडवतो, हे त्यांनी दाखवून दिलं. अभ्यासासाठी काचेची टाकी वापरण्याचा मान आज त्यांना दिला जातो.

दुसरी गोष्ट इंग्लंडची. 1846 साली ॲना थिन नावाच्या एका पाद्री कुटुंबातल्या बाई समुद्रकिनारी गेल्या होत्या. तिथून त्यांनी प्रवाळाचे जिवंत जीव बरणीत घालून लंडनला आणले. लंडन समुद्रापासून लांब. रोज ताजं खारं पाणी आणायचं कुठून? मग त्यांनी एक युक्ती काढली. उघड्या खिडकीपाशी उभं राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात आणि परत पहिल्यात, असं ओतत राहायचं. रोज अर्धा-पाऊण तास. हवा पाण्यात मिसळायची आणि जीव तगायचे. पुढच्या वर्षी त्यांनी त्यात समुद्री वनस्पतीही ठेवल्या. खाऱ्या पाण्याची, टिकून राहिलेली अशी पहिली टाकी त्यांचीच मानतात.

आता प्रश्न असा, की रोज ते पाणी ओतत कोण होतं? ओतत होती घरची मोलकरीण. बाईंचं नाव पुस्तकांत आलं, मोलकरणीचं कुठेच नाही. आज दुकानात जो हवेचा पंप मिळतो, तो विजेवर चालतो आणि बुडबुडे सोडतो. त्याच्या जागी पहिल्यांदा त्या बाईचे दोन हात होते. बहिणींनो, चहा आटोपशीर निवावा म्हणून आपण तो उंचावरून दुसऱ्या भांड्यात ओततो ना? त्यातही हवा मिसळते. कृती तीच, फक्त तिने ती जीव जगवायला वापरली.

बापाची टाकी आणि लेकाचं शेत

त्याच सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ गोड्या पाण्याची टाकी मांडून बसले होते. दोन सोनेरी मासे आणि थोडी पाणवनस्पती. सुरुवातीला बरं चाललं. मग वनस्पतीची पानं कुजायला लागली आणि पाणी खराब झालं. त्यांनी त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्या कुजलेलं खाऊ लागल्या आणि टाकी सावरली. वनस्पती हवा देते, मासा खत देतो, गोगलगाय झाडलोट करते, असा हिशोब त्यांनी 1850 साली मांडला. तो बराचसा बरोबर होता. पण टाकीतला एक कामकरी त्यांना दिसला नव्हता, कारण तो डोळ्यांना दिसण्याजोगा नव्हताच.

तो कळायला त्यांच्या मुलाचा काळ यावा लागला. मुलाचंही नाव रॉबर्टच. तो इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड नावाच्या जुन्या शेती संशोधन केंद्रात काम करायचा. शेणखतातला अमोनिया जमिनीत गेल्यावर पिकाला मिळतो तो नायट्रेट होऊन. हे रूपांतर कोण करतं? 1877 साली फ्रान्समध्ये दोघांनी मैलापाणी वाळूतून हळूहळू झिरपवून पाहिलं होतं. काही दिवसांनी अमोनिया जाऊन नायट्रेट यायला लागलं. वाळूत जंतू मारणारी वाफ सोडली, की काम बंद. म्हणजे काम जिवांचंच. धाकट्या वॉरिंग्टननी पुढे दाखवलं, की हे काम दोन टप्प्यांत होतं. एक जीव अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही माशाला विषारीच. नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य. 1890 साली विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जिवाणू वेगळे काढून दाखवले.

बघा, बापाच्या टाकीतलं कोडं लेकाच्या शेतात सुटलं. आपल्या केळीच्या बागेत युरिया पडतो, त्याचा आधी अमोनिया होतो आणि मग हेच जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. तेच दुकानातल्या माशाच्या टाकीत, फिल्टरच्या स्पंजला आणि दगडांना चिकटून राहतात. फिल्टर म्हणजे नुसती गाळणी, असं आपल्याला वाटतं. खरं तर ते या जिवाणूंचं घर आहे. त्यांना दोन गोष्टी लागतात. चिकटून राहायला भरपूर पृष्ठभाग आणि अंगावरून सतत वाहणारं, हवा असलेलं पाणी.

माशांना फिरतं पाणी, माणसांना नदीचं कच्चं

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली लोकांना बघायला मत्स्यालय उघडलं. मग युरोपभर त्याची लाट आली. विल्यम लॉइड नावाच्या माणसाने मोठ्या मत्स्यालयांसाठी फिरत्या पाण्याची रीत बसवली. खाली अंधारात मोठा हौद, वर काचेच्या टाक्या, आणि पंपाने पाणी रात्रंदिवस वर-खाली. हौदात पाणी टाकीतल्या पाण्याच्या कित्येक पट. आज घरच्या टाकीखाली कपाटात दुसरी टाकी ठेवतात, तिला संप म्हणतात. तिचं मूळ यातच आहे. लॉइडने असं मत्स्यालय 1864 मध्ये जर्मनीतल्या हँबुर्ग शहरात चालू केलं.

आणि त्याच हँबुर्गमध्ये 1892 साली काय झालं ते ऐका. शहराला एल्ब नदीचं पाणी न गाळता नळाने दिलं जायचं. पटकीची साथ आली आणि 8000 हून जास्त माणसं गेली. शेजारी भिंतीला भिंत लागून आल्टोना नावाचं गाव. नदी तीच, उलट पाणी हँबुर्गच्याही खालच्या अंगाने घेतलेलं. पण आल्टोना ते पाणी वाळूच्या थरातून सावकाश गाळून देत होतं. तिथे साथ फार पसरली नाही. एका रस्त्याच्या अलीकडे मरण आणि पलीकडे जगणं, मध्ये फक्त वाळूचा थर. त्या वाळूच्या वर जिवांचा एक चिकट पापुद्रा धरतो, आणि जंतू अडवायचं पुष्कळसं काम तोच करतो. ज्या शहराने माशांसाठी फिरतं पाणी केलं, त्याच शहरात माणसांना 28 वर्षांनंतरही नदीचं कच्चं पाणी मिळत होतं. पैसा आणि अक्कल असून उपयोग नसतो, ती कोणासाठी वापरायची हे ठरवावं लागतं.

आपल्या जिल्ह्यातलं याच्या उलट उदाहरण सांगतो. भुसावळ तालुक्यात वरणगाव आहे. तिथे 1977 साली जे. एन. कर्डिले या अभियंत्यांच्या रचनेचं जलशुद्धीकरण केंद्र झालं. त्याआधी 1973 मध्ये त्यांनी नागपूरजवळच्या रामटेकला असंच केंद्र उभारलं होतं. महागडी यंत्रं घ्यायची नाहीत, लहान गावाला परवडेल असं करायचं, हा त्यांचा विचार. तुरटी मिसळलेलं पाणी ढवळायला यंत्र न लावता त्यांनी ते गोट्यांच्या थरातून जाऊ दिलं. गोट्यांच्या फटींतून वळत वळत जाताना पाणी आपोआप ढवळलं जातं आणि मातीचे कण चिकटतात. गाळायला खाली वाळू आणि वर नारळाच्या करवंटीचा चुरा. करवंटी हलकी, तिचे तुकडे मोठे, म्हणून मोठी घाण वरच अडते आणि वाळू लवकर तुंबत नाही. आधी जाड, मग बारीक. आपण दाणे आधी मोठ्या चाळणीने चाळतो आणि मग बारीक, तसंच. माशाच्या टाकीच्या फिल्टरची मांडणीही हीच असते. आधी जाड स्पंज, मग बारीक कापूस, मग जिवाणूंसाठी सच्छिद्र दगड.

आपल्याच महाराष्ट्रात मत्स्यालय म्हटलं की मुंबईचं तारापोरवाला आठवतं. एका पारशी दात्याच्या देणगीतून ते उभं राहिलं आणि 1951 साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते उघडलं. सहलीला गेलेल्या आपल्यातल्या काही जणींनी पहिल्यांदा रंगीत मासे तिथेच पाहिले असतील.

डिस्कस नावाचा माशातला पाहुणा

आता घरच्या टाकीकडे येऊ. हौशी लोक ज्याला टाक्यांतला राजा म्हणतात, तो मासा म्हणजे डिस्कस. ताटलीसारखा गोल, चपटा, वीतभर. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला. ऑस्ट्रियाच्या हेकेल नावाच्या शास्त्रज्ञाने 1840 साली त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली. तिकडे तो पुराच्या पाण्यात बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत, संथ आणि कोमट पाण्यात राहतो. या माशाची एक गोष्ट ऐकून प्रत्येक आई हसेल. त्याची पिल्लं पहिले काही दिवस आईबापाच्या अंगावर सुटणारा चिकट स्राव खाऊन वाढतात. आई थकली की पिल्लं बापाकडे जातात. पाजायचं काम दोघंही वाटून घेतात!

डिस्कसचं अवघडपण असं. पाण्यात अमोनिया जराही चालत नाही, म्हणून फिल्टर मोठा हवा. पण अंग चपटं, त्यामुळे जोराचा प्रवाह सोसत नाही. प्रवाहाशी झुंजून तो दमतो, कोपऱ्यात उभा राहतो, खाणं सोडतो. म्हणजे पाणी भरपूर फिरायला हवं, पण जोरात नको. हे कोडं आपल्या धुळे-साक्रीकडच्या फड पद्धतीत जुन्या माणसांनी केव्हाच सोडवलं होतं. पांझरा नदीवर बंधारे, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या. पाटकरी पाणी वाफ्यावर एकदम सोडत नाही. सोडलं तर माती धुपते. पाणी तेवढंच असतं, पण वाटून दिलं की त्याचा जोर मोडतो. टाकीतही तेच करतात. फिल्टरच्या तोंडाला भोकं पाडलेली लांब नळी लावतात आणि भोकांची तोंडं काचेकडे फिरवतात. पाणी काचेवर आपटून मंद होतं आणि पृष्ठभाग हलता राहिल्याने हवाही मिसळते. साध्या स्पंजच्या फिल्टरला हवेचा लहान पंप जोडला, तरी जोर कमी आणि जिवाणूंना जागा भरपूर.

चोपड्यात या माशाला तीन अडचणी. पहिली उन्हाळ्याची. त्याला 28 ते 30 अंशांचं पाणी आवडतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 44 च्या पुढे जातं. पाणी जितकं तापतं तितकी त्यातली हवा कमी होते, आणि माशाला तर जास्त लागते. दुसरी विजेची. वीज गेली की पाणी थांबतं, बंद डब्यातल्या फिल्टरमधले जिवाणू गुदमरतात आणि काही तासांत मरायला लागतात. अशा वेळी लोट्याने टाकीतलंच पाणी वर घेऊन उंचावरून ओतत राहायचं, आणि हे काम पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्या मोलकरणीचं आहे हे लक्षात ठेवायचं. तिसरी पाण्याची. बोअरचं पाणी जड, आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन. क्लोरीन आपल्याला तारतं, पण माशाला आणि जिवाणूंना मारतं. म्हणून नळाचं पाणी बादलीत निदान दिवसभर उघडं ठेवून, नाहीतर दुकानात मिळणारं क्लोरीन मारायचं औषध घालून मगच टाकीत घालायचं. तेही एकदम सगळं बदलायचं नाही, थोडं थोडं.

दोष कोणाच्या पदरात

आमच्या गटातल्या एक ताई एका घरी कामाला जात. त्यांना सांगितलं गेलं, टाकी चकाचक करा. त्यांनी सांगितल्याप्रमाणे फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत धुतला, सगळं पाणी बदललं, काच लख्ख केली. तीन-चार दिवसांत मासे मेले. दोष ताईंच्या पदरात पडला आणि पगारातून पैसे कापले गेले. ताईंनी तर काम चोख केलं होतं. स्पंजमधला तो तपकिरी चिकट थर म्हणजे घाण नव्हे, तेच टाकीचं आयुष्य, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणाऱ्याला स्वतःला तरी माहीत होतं का?

म्हणून कामाला जाणाऱ्या प्रत्येकीने हे लक्षात ठेवावं. स्पंज धुवायचा तर टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोन-तीनदा पिळून घ्यायचा. सगळे स्पंज, सगळे दगड एकाच दिवशी धुवायचे नाहीत. पाणी एका वेळी चौथा हिस्सा, फार तर तिसरा हिस्सा बदलायचं. नवी टाकी मांडली तर जिवाणू बसायला महिना-दीड महिना लागतो, तोवर मासे थोडे आणि खाणं कमी. फिल्टर रात्री आवाज करतो म्हणून बंद करायचा नाही. आणि मालकीणबाई वेगळं सांगत असतील, तर शांतपणे सांगायचं, "वहिनी, असं केलं तर मासे दगावतील. तुमच्या समोर करून दाखवते." माहिती असली की बोलायला धीर येतो.

काही गट विचारतात, शोभेच्या माशांचा धंदा करावा का? करता येतो, पण डिस्कसपासून सुरुवात नको. तो महाग, नाजूक, आणि एक रात्र वीज गेली तर भांडवल बुडतं. गप्पी, मोली असे कणखर मासे, सिमेंटच्या हौदात किंवा सावलीतल्या टाकीत, आधी सहा महिने लहान प्रमाणात करून बघावेत. कर्ज काढायच्या आधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन प्रशिक्षणाची चौकशी करावी.

आणि सगळ्यांसाठी एक काम. पुढच्या बैठकीआधी आपापल्या गावचं पाणी कुठून येतं, कुठे गाळलं जातं, गाळायच्या वाळूची शेवटची साफसफाई केव्हा झाली आणि क्लोरीन रोज पडतं का, हे ग्रामपंचायतीत विचारून लिहून आणा. हँबुर्गच्या नळालाही पाणी येतच होतं. ते कोणत्या थरातून आलं, हे तिथे वेळेत विचारलं गेलं नाही. आपण विचारू. बैठकीत ज्यांची माहिती पूर्ण असेल, त्यांच्या गावाबद्दल पुढच्या वेळी याच कार्यक्रमात बोलू.